वर गेलेलं विमान

६ जानेवारी, सोमवार

आश्लेषा नापास झाली आहे. शुक्रवारपासून "बरी गेली", "कळवतील" असं चाललं होतं. आज उप्पिट्टाची बशी पुढे सरकवून म्हणाली, "अण्णा, नाही झाले मी पास." मी म्हणालो, मला शुक्रवारीच कळलं होतं. दारात बूट काढायला इतका वेळ लागत नाही कुणाला.

विमान कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये खोलीएवढा सिम्युलेटर आहे. आत खरं कॉकपिट, बाहेर खोटं आकाश. त्यातली परीक्षा पास झाल्यावरच खऱ्या विमानात उजव्या, सहवैमानिकाच्या सीटवर बसायला मिळतं. हिचं विमान उतरताना उंच राहिलं, वेगही जास्त होता. तरी हिने दामटून उतरवलं आणि अर्धी धावपट्टी संपल्यावर चाकं टेकवली. परीक्षक कॅप्टन मंजुनाथ म्हणाले, अशा वेळी गो-अराउंड करायचा असतो. म्हणजे उतरण्याचा बेत सोडायचा, इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, वर जायचं आणि फिरून पुन्हा यायचं. कंपनीने आणखी एकच संधी दिली आहे, पुढच्या महिन्यात. तीही गेली की नोकरी गेली.

"मग केला का नाहीस गो-अराउंड?" मी विचारलं.

"वाटलं, जमेल."

"वाटलं" हा शब्द आमच्या इन्स्पेक्शन विभागात चालत नसे. विमानांच्या कारखान्यात मी निवृत्त होईपर्यंत एकच काम केलं. आलेला भाग मोजायचा, मापात नसेल तर त्याला लाल चिठ्ठी बांधायची. त्यामुळे कँटीनमध्ये माझ्या टेबलावर बसायला कुणी उत्सुक नसे. पण माझ्या हातून सुटलेल्या भागामुळे एकही विमान पडलं नाही. निरोपाच्या भाषणात हे कुणीही म्हणालं नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

वसुमती म्हणाली, "जाऊ द्या हो. पुढच्या वेळी होईल." तिच्या भजनमंडळात कुणी बेसूर गायलं तरी ती हेच म्हणते.

९ जानेवारी

ठरलं. घरातच सिम्युलेटर करायचा. समोरच्या खोलीत. शुक्रवारचं भजन मंडळाने दुसरीकडे न्यावं, मल्लेश्वरममध्ये देवाला जागेची टंचाई नाही. वसुमतीने हार्मोनियम कपाटावर ठेवायला मला सांगितलं आणि स्टूल मात्र धरलं नाही.

एस. पी. रोडवरून जॉयस्टिक, थ्रॉटल, पायाखालची पेडल आणि मोठा पडदा आणला. दुकानदाराने विचारलं, "मगनिगा सार?" मुलासाठी का? मी म्हणालो, "मगळिगे." मुलीसाठी. त्याने मान डोलावली आणि वर एक बंदूक दाखवली, या गेमला हीसुद्धा चालते म्हणून. हा गेम नाही, असं मी त्याला नीट समजावून सांगितलं. "सरी सार, सरी," म्हणाला. बरं सर, बरं. हसत होता.

सीट इथल्या शिवाजीनगरहून आणली, मोटारींच्या जुन्या सामानाच्या दुकानातून. ड्रायव्हरची. उत्तम स्थितीत आहे.

सगळ्यात महत्त्वाचं ते शेवटी लिहितो. माझ्या स्टुलाशेजारी मी एक लाल बटण वेगळं जोडलं आहे. ते दाबलं की विमान पुन्हा धावपट्टीपासून दहा मैलांवर येतं, उतरायला तयार. उड्डाण नाही, वळणं नाही, वाट बघणं नाही. फक्त उतरणं. ही कल्पना माझी. कंपनीच्या लोकांना कशी सुचली नाही, याचं आश्चर्य वाटतं. अर्थात त्यांना तासावर पैसे मिळतात.

१२ जानेवारी, रविवार

पहिली बैठक.

"अण्णा, ही सीट कुठल्या गाडीची?"

"तुला काय करायचंय?"

"सुपारीचा वास येतोय. टॅक्सीची असणार." मग हवाई सुंदरीसारखा आवाज काढून म्हणाली, "मॅडम, मॅजेस्टिक बसस्टँडला सोडू का?" वसुमती स्वयंपाकघरातून हसली. मी दोघींना सांगितलं, या खोलीत हसायचं नाही.

नियम सोपा ठेवला आहे. हजार फुटांवर मी विचारणार, "मापात?" वेग, उंची, रेषा तिन्ही बरोबर असतील तर तिने म्हणायचं, "मापात." एकही चुकत असेल तर, "गो-अराउंड." तिसरं उत्तर नाही. "वाटतंय" तर नाहीच.

पहिलाच अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे खाली येणं, उंच आला. ती म्हणाली, "गो-अराउंड." थ्रॉटल पुढे ढकलला, नाक वर उचललं. शाबास. मी बटण दाबलं. विमान परत दहा मैलांवर.

"अण्णा! संपलं नव्हतं अजून."

"उतरायचं रद्द केलंस ना? मग संपलं."

"कसं संपेल? चाकं मिटायची, पंखांचे फ्लॅप आत घ्यायचे, जोर कमी करायचा, ठरलेल्या उंचीवर थांबवायचं. खरं काम तिथेच सुरू होतं."

"ते तुला येतं. त्यात कधी नापास झालीस का?"

"नाही, पण—"

"उतरण्यात झालीस. मग वेळ कशावर घालवायचा?"

कारखान्यात आम्ही हेच करत होतो. भाग नापास झाला की त्याच्यावर पुढचं काम करत बसायचं नाही. बाजूला ठेवायचा, नवा घ्यायचा. नापास भाग घासत बसणारे कामगार मी खूप पाहिले. शेवटी दिवसही जातो आणि भागही.

वसुमती कॉफी घेऊन आली, पडद्याकडे बघत उभी राहिली. दोनतीनदा बटण दाबलेलं पाहून म्हणाली, "अहो, ते वर गेलेलं विमान कुठे जातं?"

"कुठे जाणार? रद्द."

"आतल्या माणसांसकट?"

या बाईला यंत्रातलं काही समजावणं मी केव्हाच सोडून दिलं आहे.

१९ जानेवारी, रविवार

तनय आला होता. परीक्षेत हा तिचा जोडीदार असतो, ती विमान चालवते तेव्हा हा शेजारी बसून आकडे वाचतो. पुण्याचा आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरला आणखी तीन तरुणांबरोबर फ्लॅटमध्ये राहतो. इथे येऊन दोन वर्षं झाली आणि कन्नड म्हणजे "स्वल्प स्वल्प". तेवढाच शब्द त्याला येतो, आणि तोही दोनदा म्हणतो.

खोली पाहून म्हणाला, "काका, सेटअप एकदम सॉलिड आहे." सीटवर बसून उड्याही मारून पाहिल्या.

अर्धा तास ठीक चाललं. मग एका गो-अराउंडला मी बटण दाबलं तसा हा म्हणाला, "काका, एक रिक्वेस्ट. मिस्ड अप्रोच पूर्ण करू दे ना तिला. वर जाताना माझे कॉल असतात, मग तिचे. मी 'पॉझिटिव्ह क्लाइंब' म्हणणार, ती 'गिअर अप' म्हणणार, मग मी चाकं मिटणार. तो ऱ्हिदम बसायला पाहिजे."

"ऱ्हिदम वसुमतीच्या मंडळात बसतो," मी म्हणालो. "इथे माप बसतं."

"हा हा, भारी होतं ते काका. पण सीरियसली."

आश्लेषा त्याच्याकडे बघून हसली. दोघं मग समोसे खात कुठल्या तरी केबिन क्रूच्या मुलीबद्दल बोलत बसले. एवढ्या वेळात चार अप्रोच झाले असते.

२१ जानेवारी

तनयला मेसेज पाठवला. तिचं लक्ष विचलित होतं, परीक्षेपर्यंत येऊ नये, हे तिला सांगायची गरज नाही. त्याने "ओके काका" एवढंच लिहिलं आणि अंगठ्याचं चित्र. मोठ्या माणसाला अंगठा दाखवायची आजची रीत आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

लिहायला फुरसत नव्हती. सकाळ-संध्याकाळ बैठका चालू आहेत. आडवा वारा, धुकं, पाऊस, रात्र, सगळं मी आळीपाळीने लावतो. तिचं उतरणं आता पाहण्यासारखं झालं आहे. चाकं टेकतात ती जागा दर वेळी जवळजवळ तीच. कारखान्यात असा लेथवाला मिळाला असता तर मी त्याला सोडला नसता.

दुसरी गोष्ट याहून समाधानाची. गो-अराउंडला आता ती अजिबात रेंगाळत नाही. पूर्वी नाक उचलल्यावर खटपट चालायची, गिअर, फ्लॅप, काय काय बडबडायची. आता "गो-अराउंड" म्हणते, जोर देते, नाक उचलते, आणि हात काढून मांडीवर ठेवते. मी बटण दाबेपर्यंत शांत बसते. आज मी मुद्दाम वहीत काहीतरी लिहीत राहिलो, बटण दाबायला उशीर केला. तरी हात मांडीवरच. पडद्यावर विमान एकटंच चढत होतं, कसलासा इशारा वाजत होता. तिने वळून फक्त म्हटलं, "अण्णा."

याला शिस्त म्हणतात. तीन आठवड्यांत आली.

तनय का येत नाही, असं मध्ये तिने एकदा विचारलं. मी म्हणालो, त्याचं तो जाणे. "फोनवर पण तुटक बोलतो," म्हणाली. मुलांचा स्वभाव तिला वेळीच कळला, हे बरं झालं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिने आज बेळ्ळंदूरला जायचं काढलं. तिथे तनयच्या फ्लॅटमधल्या कुणाकडे दोन सीटचा सिम्युलेटर आहे म्हणे.

"एकच दिवस अण्णा. कॉल्स म्हणून बघते कुणाबरोबर तरी. एकटीने किती दिवस करणार?"

"एकटी? मी काय करतो इथे?"

"तुम्ही बटण दाबता."

बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं असावं, कारण लगेच म्हणाली, "तसं नाही." मी शांतपणे सांगितलं की बेळ्ळंदूरला जाऊन येण्यात रिंग रोडवर दिवस जातो, आणि बघायला आलेल्या नवऱ्या मुलासारखा तनय एकदा तोंड दाखवून गायब झाला आहे. वसुमती मध्येच म्हणाली, "जाऊ दे की हो तिला. आठ दिवसांत पोरगी धड जेवलेली नाही."

"पास झाल्यावर जेवेल."

गेली नाही. संध्याकाळची बैठक नेहमीपेक्षा चांगली झाली. एक शब्द जास्तीचा बोलली नाही. "मापात." "मापात." "गो-अराउंड." "मापात." मला तर ऐकत राहावंसं वाटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज परीक्षा झाली.

सकाळी तिला कंपनीची गाडी न्यायला आली. वसुमतीने दही हातावर ठेवलं. मी सांगितलं, "उतरताना जसं इथे केलंस तसंच कर. काहीही वेगळं करू नकोस." ती म्हणाली, "हो अण्णा."

दिवसभर मी घरीच होतो. खोली झाडली, पडदा पुसला.

चार वाजता आली. बूट काढलेच नाहीत, तशीच पायरीवर बसली. मी विचारलं, "उतरणं कसं झालं?"

"सगळी चांगली झाली. कॅप्टन म्हणाले, टेक्स्टबुक."

"मग?"

"शेवटच्याला खाली येईपर्यंत धावपट्टी दिसली नाही. गो-अराउंड केला."

"बरोबर केलंस. मग?"

"मग काही केलं नाही."

मला अर्थ कळला नाही. परत विचारलं. ती म्हणाली, तनय "पॉझिटिव्ह क्लाइंब" म्हणाला, मग परत म्हणाला, मग ओरडून म्हणाला. चाकं खालीच राहिली. वेग फ्लॅपच्या मर्यादेबाहेर गेला. जिथे थांबायचं ती उंची ओलांडून विमान वर गेलं, तिथे दुसरं विमान असू शकतं. शेवटी कॅप्टन मंजुनाथांनी सिम्युलेटर थांबवला.

"आणि तू काय करत होतीस?"

"बसले होते."

वसुमती तिच्या शेजारी पायरीवर बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. मी आत आलो. ज्यात ती कधीच नापास झाली नव्हती, त्यात नापास झाली. जे मी शिकवलं ते सगळं चोख झालं, आणि जे कंपनीने शिकवलं होतं ते ढासळलं. यातून काय ते उघड आहे. पण हे ऐकून घ्यायला कुणी नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

तनय आला. मी दार उघडलं तर मलाच म्हणाला, "काका, आता तरी येऊ ना आत?" आश्लेषा मागे उभी होती.

"आता तरी म्हणजे?" तिने विचारलं.

त्याने गप्प बसायला हवं होतं. "काकांनी मेसेज केला होता ना, येऊ नको म्हणून. मला वाटलं, तुला माहितीये."

ती माझ्याकडे वळली. मी म्हणालो, तुझ्या भल्यासाठी. तिने मान हलवली, जणू दुकानदाराने भाव सांगावा आणि परवडत नसावा. दोघं अंगणात जाऊन बसले.

खिडकी उघडी होती, ऐकू येत होतं. तनय सांगत होता, "मंजुनाथ सर स्वतः म्हणाले, अशी केस मी पाहिली नाही. घाबरलेला माणूस लिव्हर घट्ट आवळून धरतो. हिने व्यवस्थित सोडून दिले. ते कंपनीला अजून रिपोर्ट देत नाहीयेत. जाऊन सांग ना त्यांना. एक एक्स्ट्रा सेशन देतील गं."

"काय सांगू?"

"जे आहे ते. घरी काय व्हायचं ते."

ती म्हणाली, "अण्णांचं नाव कसं घेऊ रे?"

माझं नाव घ्यायला कसली लाज? उलट मंजुनाथांना कळलं असतं की या मुलीच्या मागे विमान क्षेत्रातला अनुभवी माणूस आहे. पण मुलीला बापाची कारखान्यातली नोकरी सांगायची लाज वाटते. शिकलेल्या मुलांचं हे असंच.

वसुमती रात्री जेवताना म्हणाली, "ती नाही सांगणार. तुम्ही जा." या घरात तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुठे जायला सांगितलं. तिला वाटतं मी जाऊन हात जोडावेत. मी जाणार आहे. हात जोडायला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कारखान्यातल्या एका जुन्या ओळखीतून पत्ता मिळवला आणि कॅप्टन मंजुनाथांना त्यांच्या घरी भेटलो. सभ्य गृहस्थ. वऱ्हांड्यात बसवून स्वतः कॉफी आणली. सगळं बोलणं कन्नडमध्ये झालं. मी मराठी आहे हे कळल्यावर म्हणाले, "मराठी? तुमचं कन्नड माझ्यापेक्षा शुद्ध आहे." मी म्हणालो, चारशे वर्षं झाली आम्हाला येऊन. या भागात मलाच लोक विचारतात, गाव कुठलं?

मग ते कामाचं बोलले. "नरसिंहराव, तुमच्या मुलीचे हात चांगले आहेत. उतरणं तर माझ्यापेक्षा चांगलं करते. मला फक्त एक समजत नाही, आणि ते समजल्याशिवाय कंपनीला मत देता येत नाही. तयारीत काही दोष राहिला असेल तर तो मी चार तासांत काढून देईन, मी तसं लिहीनही. पण दोष स्वभावात असेल, आणीबाणीत ती बंद पडत असेल, तर मागे बसलेल्या लोकांचा विचार करावा लागतो. ती स्वतः काही सांगत नाही. 'सॉरी सर' एवढंच म्हणते. तुम्ही घरी तयारी करून घेतलीत असं कळलं."

"हो. मीच."

"गो-अराउंड करायची घरी?"

"रोज. तुमच्याकडे महिन्यात होत नाहीत इतके एका बैठकीत."

ते थोडे पुढे झुकले. "इतके? म्हणजे सवय नव्हती असं नाही."

"अजिबात नाही."

"आणि तेव्हा कधी अशी थांबली होती? हात सोडून?"

मी विचार केला. थांबली म्हणजे अडली का, असं त्यांना विचारायचं होतं. घरी ती कधीच अडली नव्हती. अडखळणं तर सोडाच, शेवटी शेवटी तर पापणी हलत नव्हती. "नाही," मी म्हणालो. "घरी एकदाही चुकली नाही."

"मग तयारीत काही उणं राहिलं असेल असं तुम्हाला वाटतं का? नीट आठवून सांगा. तुम्ही इन्स्पेक्शनमधले आहात, तुमच्या शब्दाला मी किंमत देईन."

इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी नीट आठवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळ्या बैठका डोळ्यांपुढे आणल्या. बाप म्हणून "असेल काहीतरी" असं म्हणून सुटता आलं असतं. एक सेशन मिळालं असतं. पण जिथे दोष नाही तिथे दोष आहे असं मी कधी लिहिलं नाही, आणि जिथे आहे तिथे झाकला नाही. मुलीसाठी ते आता का सुरू करायचं?

"तयारीत दोष नव्हता," मी म्हणालो. "मुलगी लहानपणापासून हळवी आहे. गॅदरिंगमध्ये एकदा स्टेजवर उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही."

कॅप्टन मंजुनाथांनी रिकामे कप ट्रेमध्ये ठेवले. मग म्हणाले, "सरी सार. तेच समजत नव्हतं."

फाटकापर्यंत सोडायला आले. हात हातात घेऊन म्हणाले, "असं खरं बोलणारे वडील मी कमी पाहिले." बसने येताना बरं वाटत होतं. परीक्षक आणि परीक्षक यांच्यातलं ते बोलणं होतं. घरी एवढंच सांगितलं की भेट चांगली झाली, त्यांनी नीट ऐकून घेतलं. वसुमतीने लगेच देवापुढे निरांजन लावलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीचा ईमेल आला. सेवा संपुष्टात. दोन ओळी. त्यातल्या एका ओळीत शुभेच्छा.

आश्लेषाने आईला वाचून दाखवला आणि फोन पालथा ठेवला. वसुमती मला म्हणाली, "तुम्ही तर म्हणालात त्यांनी ऐकून घेतलं." मी म्हणालो, ऐकून घेतलंच होतं. कंपन्या अशाच असतात, त्यांना एक गळायला हवाच असतो, तिथे बापाने काय करायचं?

समोरच्या खोलीला कुलूप लावलं नाही. बसायचं असेल तर बसू दे. दुसऱ्या कंपन्या आहेत. मी धुक्याचे अप्रोच वाढवायचे ठरवले आहे.

३ मार्च, सोमवार

आज ती ट्रेनिंग सेंटरला ओळखपत्र परत करायला गेली होती. दुपारी आली. आज बूट काढले, जागेवर ठेवले, आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी पेपर वाचत होतो.

"मंजुनाथ सर भेटले. म्हणाले, तुझे वडील फार सरळ गृहस्थ आहेत. तुम्ही त्यांच्या घरी गेला होतात?"

"आईने सांगितलं म्हणून."

"काय सांगितलंत त्यांना?"

"खरं ते."

"काय खरं?"

"तयारी पूर्ण होती, रोज गो-अराउंड होत होते. आणि ऐनवेळी तू घाबरतेस."

मला वाटलं चिडेल. चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिने खुर्ची ओढली, बसली, लहान मुलाला समजवावं तशा आवाजात बोलली.

"मी घाबरले नव्हते अण्णा. नाक वर गेलं, सगळं बरोबर होतं. मी तुमची वाट बघत होते."

वसुमती दारात उभी होती. तिने तोंडावर पदर धरला आणि आत निघून गेली. आश्लेषाही उठली. उद्या सकाळच्या गाडीने हुबळीला मावशीकडे जाते आहे, किती दिवस ते सांगितलं नाही. बॅग भरण्याचा आवाज येतो आहे. मला हाक मारलेली नाही.

माझी वाट कशी बघेल? त्या दिवशी मी सकाळपासून घरातच होतो. वसुमतीला माहीत आहे. खोली झाडत होतो.